वहिनीच्या नावचा आजार

कोल्हापूरच्या परदेश नोकरी केंद्रात सकाळपासून माणसं बोटाला कापूस दाबून बसली होती. समोरच्या पांढऱ्या यंत्राचं अधिकृत नाव रक्तस्मृती मापक. रांगेतले लोक त्याला चुगलखोर म्हणत. आपल्या पांढऱ्या पेशी ज्या रोगाशी लढतात तो वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, आणि हे यंत्र थेंबभर रक्तातून ती आठवण वाचत असे. अर्जातले आजार आणि रक्तातले आजार जुळले की शिक्का. मघाशीच एका भारदस्त मिशीवाल्या गृहस्थांचे गालगुंड चव्हाट्यावर आले होते आणि त्यांची बायको सगळ्यांदेखत खुदकन हसली होती.

यंत्र चालवणारी परिचारिका हेमांगीही एरवी हसली असती. पण रांगेत पुढचा नंबर तिच्या वहिनीचा होता.

भाऊ गेल्यापासून दमयंती वहिनी म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करत होती. जपानमध्ये तेच काम मिळावं म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती दोन वर्षं जपानी घोकत होती. पूर्वीच्या आजारांपुढे तिने लिहिलं होतं, 'काही नाही'. रक्तही तेच म्हणालं. तरी पडदा लाल झाला.

केंद्राच्या डॉक्टर बर्वेबाई चष्मा सावरत पुढे आल्या. "सरकारी नोंदीत तुम्हाला बारा वर्षांपूर्वी क्षय झालाय. सहा महिने औषधं घेतलीत. रक्तात मात्र मागमूस नाही. हे रक्त कुणाचं?"

"माझंच आहे हो," वहिनी म्हणाली.

"मग औषधं कुणी खाल्ली?"

औषधं हेमांगीने खाल्ली होती. तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. क्षयाचं नाव निघालं असतं तर पाहुणे आल्या पावली परत गेले असते. वहिनीच म्हणाली होती, "दवाखान्यात माझं नाव सांगू. माझं लग्न झालंय, मला आता कोण बघायला येणार आहे?" त्या दवाखान्याची नोंदवही पुढे सरकारी यादीला जोडली जाईल, हे दोघींच्या गावीही नव्हतं. हेमांगीच्या सासरी आजही कुणाला काही माहीत नव्हतं.

वहिनीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आठवत नाही मला," एवढंच ती म्हणाली.

"मग माहिती लपवली असं धरावं लागेल. पाच वर्षं अर्ज करता येणार नाही."

वहिनीने पिशवी उचलली. हेमांगी ट्रेमधल्या सुया उगाचच सारख्या करत राहिली. स्वतःची लाज वाटत होती, पण तोंड उघडलं नाही.

दुपारी तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला. ती उठली, स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि आलेला अहवाल बर्वेबाईंपुढे ठेवला.

बाईंनी तो दोनदा वाचला. "क्षय, बारा वर्षांपूर्वी, पूर्ण बरा. म्हणजे ती औषधं तुझी?"

"हो. वहिनीला जाऊ द्या बाई. बंदी माझ्यावर घाला."

"अगं, बरा झालेला क्षय कुठे आडवा येतो? लपवलेलं आडवं येतं. त्यांची फाईल उघडता येईल. पण तुझा लेखी जबाब लागेल, आणि हा अहवाल तुझ्या घरच्या आरोग्य नोंदीत जाईल. नवऱ्याला दिसेल."

"दिसू दे," हेमांगी म्हणाली. तिने जबाब लिहून खाली सही केली.

मग तिने वहिनीला फोन लावला.

"हेमा, जेवलीस का गं? सकाळी किती तोंड उतरलं होतं तुझं!"

हेमांगीला रडूच फुटलं. हुंदके देत तिने सगळं सांगितलं. फाईल उघडणार आहे, जपानला जाता येईल, नोंद दुरुस्त होईल.

"बरं केलंस," वहिनी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "पण एक सांग हेमा. सकाळी मी तुझ्यासमोर बसले होते, तेव्हा का नाही बोललीस?"