यमुना नावाचं इथे कोणी नाही

हे खरं घडलेलं आहे. तुम्ही मानू नका, माझं काही बिघडत नाही. मीसुद्धा आधी अशा गोष्टी वाचून हसायचो आणि खाली "फेकू नको रे भाऊ" असं लिहून मोकळा व्हायचो.

आणि हे रात्री घडलेलं नाही. अमावास्या नाही, स्मशान नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. शुक्रवार. दुपारचे सव्वादोन. झाशीत, खंडेराव गेटजवळ, मार्तंडकाकांच्या घरी वरच्या खोलीत. बाहेर लू, म्हणजे तो अंग भाजणारा गरम वारा, चालली होती, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

मी सलील. सीपरी बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वीस वर्षं झाली. लिनक्स म्हणून एक सिस्टीम असते, विंडोजच्या जागी चालते, फुकट मिळते. ती कोणाची अडली की लोक सांगतात, "सलील भैया के पास जाओ." याचा मला माज होता.

होता म्हणतोय. लक्षात घ्या.

मार्तंडकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. रेल्वेच्या टेलिफोन विभागातून रिटायर झालेले. मूलबाळ नाही. ते आणि यमुनाकाकू, दोघंच. आमच्या घरी सगळे हिंदीत बोलायचे. मला येते तेवढी मराठी काकूंनी शिकवली. चुकलो की टपली मारायच्या. तेव्हा इथे काही चुकलं तर सांभाळून घ्या, टपली मारणारं आता कोणी नाही.

काकूंचे पाय गेले आणि त्या शेवटचे आठ महिने खालच्या खोलीत अंथरुणावर होत्या. काकांचा कॉम्प्युटर वर. त्यांनी खाली काकूंच्या उशाशी एक जुना लॅपटॉप ठेवला आणि वरपासून खालपर्यंत वायर ओढली. जेवण झालं की काका वर जाऊन पडायचे. मग सव्वादोनच्या सुमारास काकू लॅपटॉप उघडायच्या, स्वतःचं नाव आणि पासवर्ड टाकायच्या आणि बोलत बसायच्या. तो आवाज वरच्या कॉम्प्युटरमध्ये जमा व्हायचा.

काय बोलायच्या, ते कोणालाच माहीत नाही.

काकांना त्यांनी बजावलं होतं, "मी आहे तोवर ऐकायचं नाही हं. मला लाज वाटते. गेल्यावर ऐका, सावकाश."

काकांनी शब्द पाळला. काकू गेल्यावर तर त्यांना धीरच होईना. म्हणायचे, "वर्षश्राद्ध होऊ दे. त्या दिवशी ऐकीन."

आठ महिन्यांचं बोलणं. त्यातला एक शब्द काकांनी ऐकलेला नव्हता.

"सलील, त्याची दुसरी एक प्रत काढून दे रे," असं ते मला वर्षभर सांगत होते. मी म्हणायचो, "पुढच्या आठवड्यात, काका."

हा माझा पुढचा आठवडा कधी उजाडलाच नाही.

वर्षश्राद्ध मंगळवारी होतं. त्याआधीच्या गुरुवारी लाईट खालीवर झाली आणि काकांचा कॉम्प्युटर सुरूच होईना. शुक्रवारी मी गेलो. दुकानात गिऱ्हाईक सोडून, उन्हातून, चिडचिड करतच गेलो. डबा उघडला तर आत बोटभर धूळ. दोन डिस्क होत्या. एकीवर सिस्टीम, दुसरीवर काकूंचा आवाज. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या.

रेल्वेचा माणूस. काकांनी प्रत्येक वायरीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती.

"आधी चिठ्ठ्या वाच बेटा," काका म्हणाले.

"काका, वीस वर्षं हेच करतोय मी."

ब्लोअर मारताना चिठ्ठ्या मध्ये येत होत्या. मी त्या तोडून टाकल्या. धूळ उडवली, वायरी परत लावल्या. सिस्टीम गेलेलीच होती, नवी टाकायला घेतली. स्क्रीनवर विचारणा आली. ही डिस्क पूर्ण पुसली जाईल, नक्की?

मी हो दाबलं. चहा पीत दाबलं.

सगळं नीट पार पडलं. मग काकूंची डिस्क बघावी म्हणून दुसरी उघडली...

तिच्यावर जुनी, बिघडलेली सिस्टीम होती.

मी वायरी उलट्या लावल्या होत्या. खाली वाकून फरशीवरची चिठ्ठी उचलली. काकांचं ते सरळ, सुबक अक्षर. "याला हात लावू नये. यमुना."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल माझा नव्हता हो, दुसऱ्याचा होता.

"झालं का?" काकांनी विचारलं. खुर्चीच्या कडेला बसून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी ती चिठ्ठी खिशात घातली.

"काका, काकूंची डिस्क कालच गेली होती. लाईटने."

त्यांनी कोपऱ्यातल्या स्टॅबिलायझरकडे पाहिलं. मग म्हणाले, "स्टॅबिलायझर बदलायचा होता मला. रोज म्हणत होतो. माझीच चूक रे."

तिथेच सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, नाही काका, मी केलं.

"तुझा काय दोष, तू पन्हं घे," असं म्हणून ते खाली गेले. जिन्यात दोनदा थांबले. मला ऐकू येत होतं.

मी मान खाली घालून काम पुढे चालू केलं. नेट चालत नव्हतं. का चालत नाही ते बघायला सिस्टीमची नोंदवही उघडली. कॉम्प्युटरमध्ये कोण आलं, कोण गेलं, याची एकेक ओळ त्यात आपोआप पडते. दुकानातून मला बघता यावं म्हणून बाहेरून यायचा रस्ता मी नुकताच उघडला होता. त्याला दहा मिनिटंही झाली नव्हती.

शेवटची ओळ होती...

"इनव्हॅलिड युजर यमुना."

म्हणजे, या नावाने कोणीतरी आत यायला बघतंय आणि यमुना नावाचं इथे कोणी नाही.

वेळ, दोन वाजून पंधरा मिनिटं.

मी बघत असतानाच खाली दुसरी ओळ पडली. तीच. मग तिसरी.

मी स्वतःला म्हटलं, घाबरतोस काय गाढवा, खालचा लॅपटॉप चालू राहिला असेल. पत्ता पाहिला. होय, खालच्या लॅपटॉपचाच पत्ता. हाक मारून पाहिली, म्हणजे पिंग केलं. लगेच उत्तर आलं. एकामागून एक, न चुकता.

जिवात जीव आला.

आणि मग आठवलं...

जानेवारीत मीच तो लॅपटॉप खोलला होता. बॅटरी फुगली होती. मेमरी काढली, डिस्क काढली, दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावली. काकांना आठवण म्हणून नुसतं खोकं परत दिलं होतं.

मी धावत खाली गेलो. काका स्वयंपाकघरात पन्हं ढवळत होते. काकूंच्या खोलीत खाट होती, गादी गुंडाळलेली. स्टुलावर लॅपटॉप, त्यावर विणलेला रुमाल. रुमाल उचलला. लॅपटॉप पालथा केला. आत भोकं. वायरीचं टोक त्याला लावलेलंसुद्धा नव्हतं, भिंतीला लोंबत होतं.

वर आलो. जिथे सगळ्या वायरी एकत्र येतात त्या डबीवर काकूंच्या वायरीचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

मी ती वायर उपटली.

दिवा लुकलुकतच राहिला...

मी घाबरलोच. पण खरं सांगू? भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाटलं. स्क्रीनवर ओळीमागून ओळ पडत होती. काकू दारावर थाप मारत होत्या. आपल्याच घराच्या. आणि आतून उत्तर जात होतं की या नावाचं इथे कोणी नाही.

ते उत्तर मी लिहून ठेवलं होतं.

अडीच वाजता ओळी थांबल्या. नेट चालू करून दिलं आणि मी निघालो.

शनिवारी दुकानातून पाहिलं. सव्वादोनला सुरू, अडीचला बंद. वाटलं, शेजारचं पोरगं उचापती करत असेल. दुरूनच वायफायचा पासवर्ड बदलला. रविवारी जाऊन ती डबीच नवी बसवली. सव्वादोनला पुन्हा तेच. सोमवारी मोजल्या, एकेचाळीस ओळी. पुसलेलं परत मिळवायचे जेवढे उपाय मला येतात तेवढे त्या दिवसांत केले. हाती काही लागलं नाही. रात्री झोप नव्हती, जेवण जात नव्हतं.

मंगळवारी श्राद्ध झालं. कावळ्याचं पान गच्चीवर ठेवलं. चारदोन माणसं जेवली आणि ऊन आणखी तापायच्या आत निघून गेली. काका वर येऊन बसले. स्वच्छ सदरा, हात मांडीवर. आज ऐकायचं होतं ना त्यांना. सवयीने वर आले असणार.

मला राहवलं नाही. मी ओळी दाखवल्या. सगळं सांगितलं. लॅपटॉपचं, दिव्याचं. फक्त डिस्कचं नाही सांगितलं.

काका हसले नाहीत. "म्हणजे तिला आत येता येत नाहीये?"

"काकूंच्या नावाचं खातं नाही इथे."

"मग कर की! बघत काय बसलास?"

मी खातं उघडलं. यमुना. पासवर्ड काय, विचारलं.

"नवराबायकोतलं आहे ते. तू तिकडे बघ."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे एका बोटाने टकटक चालली होती. फार वेळ लागला त्यांना.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. पंखा थांबला. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला. खोलीत इतकी शांतता की काकांचा श्वास ऐकू येत होता.

सव्वादोन...

"ॲक्सेप्टेड."

"काय आलं?" काकांनी विचारलं.

"आत आल्या, काका."

काकांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. केसांवरून हात फिरवला. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, मी कुठे बघू कळेना.

तीन मिनिटं चाळीस सेकंद. मग ओळ पडली की त्या बाहेर गेल्या.

"इतक्यात?" काका म्हणाले.

मी काकूंच्या नावाचा फोल्डर उघडला. रिकामाच असणार होता. मीच रिकामा केला होता.

त्यात एक फाईल होती. आवाजाची. तीन मिनिटं चाळीस सेकंदांची.

हेडफोन आधी मी लावला. पंख्याचा आवाज येत होता. एका बाजूला टक् करणारा पंखा. तो खालच्या खोलीतला, काकू गेल्यावर काकांनी काढून टाकलेला. बाकी काही नाही. शेवटपर्यंत नुसतं टक्... टक्... टक्...

"काही नाहीये हो काका," मी म्हणालो.

त्यांनी हेडफोन माझ्या हातातून घेतला आणि डोळे मिटले. दहा सेकंद गेले असतील.

"हो गं, जेवलो," काका म्हणाले.

मी स्क्रीनकडे पाहिलं. फाईल चालूच होती.

"घेतली गोळी. हो. नाही, खीर नव्हती केली, तुझ्यासारखी कोणाला जमते?" ते हसत होते. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते.

त्यानंतर ती ओळ परत कधी पडली नाही. एकदाही नाही. काका मात्र रोज सव्वादोनला तीच फाईल लावतात आणि रोज काहीतरी निराळं बोलतात. मी कितीदा ऐकली, दुकानात नेऊन मोठ्या स्पीकरवर ऐकली. मला पंखाच ऐकू येतो. म्हातारपणाचे भास असतील, असं मी लोकांना सांगतो. पण मग ती फाईल कुठून आली, हे मला कोणी सांगत नाही.

दिवाळीच्या आधी एकदा गेलो होतो. काका ऐकत बसले होते. ऐकता ऐकता त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्याबद्दल बोलते आहे."

"काय म्हणतात?" मी विचारलं.

काकांनी थोडा वेळ ऐकलं. मग एकेक शब्द जसाच्या तसा सांगितला.

"म्हणते, सलीलला तुम्हांला काहीतरी सांगायचंय. तो आपणहून सांगेल. तेव्हा त्याच्यावर रागावू नका हं."

खोलीत आम्ही दोघंच होतो.

"काय रे सांगायचंय?" काकांनी विचारलं. अगदी साधेपणाने.

"काही नाही काका," मी म्हणालो. चपला पायांत घातल्या आणि खाली आलो.

त्यांनी तो स्टॅबिलायझर बदलला आहे. गेलो की दर वेळी मला दाखवतात. म्हणतात, "हा तेव्हाच घेतला असता तर बघ." मी मान हलवतो. दर रविवारी जातो. अजून सांगितलेलं नाही.