एक लांब, दोन तोकडे

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता समोर एक तळं आणा. फार मोठं नको. या काठावरून हाक मारली तर त्या काठावरच्या माणसाने मान वर करून बघावं, एवढंच. तीन बाजूंना डोंगर आणि पाण्याला टेकेपर्यंत उतरलेलं जंगल. चौथ्या बाजूला थोडी सपाट जागा, आणि तिथे एक हिरवा तंबू, उन्हाने विटलेला.

आता त्या चित्रावर धुकं घाला. धुकं कसं होतं माहीत आहे ना? दिवसभर तापलेलं पाणी रात्री हवेपेक्षा सावकाश निवतं. सकाळची गार हवा त्या कोमट पाण्यावर टेकली की वर येणाऱ्या वाफेचे तिथल्या तिथे बारीक थेंब होतात. बस, इतकंच असतं धुकं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तंबूत चौघं होती. बाबा सायकली दुरुस्त करायचे. त्यांच्या बोटांच्या पेरांतलं काळं वंगण सुट्टीतही जायचं नाही. आई कपडे शिवायची. मोठी मुलगी होती, तिला घरात सगळे ताई म्हणत, बाबासुद्धा. आणि धाकटा भोपू. त्याचं खरं नाव शाळेपुरतं होतं. तो हळू बोलूच शकत नसे. कुजबुजला तरी शेजारच्या गल्लीला कळे. डाव्या पायातला बूट तो हटकून उजव्या पायात घालायचा, आणि कोणी सांगितलं तर म्हणायचा, "मला असेच आवडतात."

त्या जागेचा एक रखवालदार होता. पाण्यात घुसलेला एक लाकडी धक्का होता, तिथे भांडी घासायची आणि पाणी भरायचं. स्वयंपाकाच्या छपरीच्या खांबापासून त्या धक्क्याच्या टोकापर्यंत झाडांना लोखंडी कड्या ठोकल्या होत्या, आणि कड्यांमधून एक जाड दोर ओवलेला होता.

"धुकं पडलं की हा दोर बांधायचा," पहिल्याच दिवशी रखवालदारकाकांनी ताईला सांगितलं. "धक्क्याकडचं टोक कायमचं पक्कं आहे. इकडचं टोक खांबाला सुरगाठीने बांधायचं. सुरगाठ येते ना?"

"बुटाला मारतो ती?"

"तीच. हे लोंबतं टोक ओढलं की सुटते. काम झालं की सोडून ठेवायचा, नाहीतर हरणं शिंगं अडकवून घेतात. दोरावरून जाताना लहान माणूस पुढे, मोठं मागे. आणि सोडण्याआधी दोराला विचारायचं."

"दोराला काय विचारायचं?" भोपू म्हणाला. तळ्यापलीकडून आवाज परत आला.

काकांनी दोर धरला आणि दोन हिसके दिले. "असं. कोणी दोरावर असेल तर तो उलट हिसका देतो. उत्तर आलं तर सोडायचा नाही. कोण आहे, कसा आहे, ते आपण ठरवायचं नाही. उत्तर आलं, म्हणजे माणूस यायचाय."

"पण सगळे इथेच दिसत असले तर?" ताईने विचारलं.

काका दोराची गुंडाळी करत होते. त्यांनी ती पूर्ण केली, खांबाला अडकवली, मग म्हणाले, "तरी विचारायचं."

भोपूला हा खेळ फारच आवडला. त्याने स्वतःची खूण बनवली: एक लांब ओढ, मग दोन तोकडे हिसके. "हा माझा हॉर्न," तो म्हणाला. पुढचे दिवस धुकं नसतानाही तो दोर बांधायला लावायचा आणि धक्क्यावर बसून हॉर्न वाजवायचा. ऊन पडलं की तळं इतकं निश्चल होई की डोंगर दोनदा दिसायचे. भोपू धक्क्यावर पालथा पडून पाण्यातल्या भोपूला जीभ दाखवायचा, बिस्किटाचा तुकडा द्यायचा.

"त्याला पोहता येतं," एकदा तो जेवताना म्हणाला.

"कोणाला?"

"त्यालाच."

"मग तुला शिकव म्हणावं, आमचे पैसे वाचतील," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले.

शेवटच्या दिवशी सकाळी धुकं उतरलं. खरं धुकं. तंबूतून छपरी दिसेना. रखवालदारकाका खालच्या फाटकाकडे गेले होते. दुपारी निघायचं होतं, म्हणून आई स्टोव्हपाशी पाठमोरी बसून डबे भरत होती आणि बाबा तंबूच्या खुंट्या उपटत होते. खुंटी दगडावर आपटल्याचा आवाज तेवढा येई, बाबा दिसत नसत.

ताईने दोर बांधला आणि भोपूला घेऊन ती चहाचे मग धुवायला धक्क्यावर गेली. जाताना तो पुढे होता, नियमाप्रमाणे. परत निघताना भांडण झालं.

"आज दोर मी सोडणार," भोपू म्हणाला.

"काकांनी मला सांगितलंय."

"तू काल सोडलास, परवा सोडलास. तू काय दोराची मालकीण आहेस?"

"तुला गाठ तरी सोडता येते का?"

"तुझ्यापेक्षा चांगली येते."

"मग बस इथेच बोंबलत," ताई म्हणाली. मगांची पिशवी उचलून ती एकटीच निघाली, भरभर, दोरावरून हात सरकवत. लहान माणूस मागे राहिलं. ते तिच्या लक्षात होतं. पण राग आला की लक्षात असलेल्या गोष्टींचाही उपयोग होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

ती छपरीत पोहोचली. थोड्या वेळाने धुक्यातून भोपू आला. त्याच्या हातात त्याचा निळा मग होता. तो खोक्यावर जाऊन बसला.

"आलास?" आईने न वळता विचारलं.

"आलो," तो म्हणाला.

इतकं हळू, की ताईने मान वर केली.

रुसला असेल, तिला वाटलं. तिने पुड्यातलं शेवटचं बिस्कीट त्याच्यापुढे धरलं. ते त्याने घेतलं, डाव्या हाताने, आणि खाल्लं नाही. मांडीवर ठेवलं. त्याचे बूट ज्या त्या पायात होते. आणि स्वेटरच्या कोपरावर आईने लावलेलं चौकोनी ठिगळ होतं, डाव्या कोपरावर.

ताई त्या ठिगळाकडे बघत राहिली. टाके आईचेच होते, बारीक आणि तिरके. फक्त आईचे टाके इकडून तिकडे झुकतात, हे तिकडून इकडे झुकले होते.

"ताई, आटप," बाबांचा आवाज आला. "दोर सोडून गुंडाळून ठेव. काका म्हणतील, कसली बेशिस्त माणसं."

ती खांबापाशी गेली. दोर धुक्यात शिरत होता आणि पहिल्या कडीनंतर दिसेनासा होत होता. आई छपरीत. बाबा खुंट्यांपाशी. भोपू खोक्यावर. सगळे इथेच.

तरी विचारायचं.

तिने दोन हिसके दिले आणि श्वास धरून थांबली.

काहीच नाही. झाडावरून पाण्याचा एक थेंब टपकला.

मग दोर तिच्या मुठीत हलला. एक लांब ओढ. आणि मग दोन तोकडे हिसके.

वारा नव्हता. एखादं हरीण अडकलं असेल, तिने मनाला सांगितलं. पण हरीण असं ओढत नाही. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं, या वेळी घाईघाईने. लहान मुलं घाबरल्यावर करतात तसं.

"आई," ताई म्हणाली. आवाज नेहमीसारखा ठेवायचा तिने प्रयत्न केला. "भोपूच्या स्वेटरला ठिगळ कुठल्या कोपरावर लावलं होतंस?"

"उजव्या," आई म्हणाली. ती डब्याचं झाकण दाबून बसवत होती. "लिहिताना तेच कोपर घासतो ना तो टेबलावर. का गं, उसवलं का?"

"नाही."

"मग आटप की."

ताईने बाबांना सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होती? भोपू तळ्यावर राहिलाय? बाबा आले असते, खोक्याकडे बोट दाखवलं असतं, आणि म्हणाले असते, हा काय बसलाय. आणि मग त्यांनीच दोर सोडला असता.

तिला दुसरी गोष्ट आठवली. आईने भोपूला पहिल्यापासून शिकवलं होतं: चुकलास तर आहेस तिथे बस, आम्ही शोधायला येऊ. बाकी कुठलं सांगणं तो ऐकत नसे, पण हे ऐकायचा. म्हणजे तो तिथे बसला असणार. कोणी गेल्याशिवाय तो उठणार नाही.

"ताई," मागून हळू आवाज आला. "सोड ना आता. सगळे आलेत."

तो तिच्या शेजारी उभा होता. खडीवर पाऊल वाजलं नव्हतं. सुरगाठीचं लोंबतं टोक त्याच्या खांद्यापाशी होतं, आणि तो त्याच्याकडेच बघत होता.

ताई गेली असती, तर गाठ त्याच्यापाशी राहिली असती. सुटलेला दोर जमिनीवर पडतो आणि धुक्यात सापडत नाही. ती थांबली असती, तर भोपू तिथेच बसून राहिला असता. दोन्ही गोष्टी तिला एकदमच कळल्या.

"चल," ती म्हणाली. "तूही चल माझ्याबरोबर."

"मी आताच आलोय."

"मला एकटीला भीती वाटते." हे मात्र खरं होतं. तिने हात पुढे केला.

त्याने तिच्याकडे पाहिलं. रडायचं की हसायचं हे ठरलं नसलं की भोपू जसा बघतो, तसंच. मग हात दिला. बाही कोरडी होती. हात ओला होता, आणि तळ्याइतका गार.

एका हातात दोर, दुसऱ्यात तो हात. तशी ती निघाली.

पहिली कडी. दुसरी कडी. छपरी मागे पुसली गेली. खुंट्यांचा आवाज थांबला. धुकं म्हणजे बारीक थेंब, बाकी काही नाही, ताई मनात म्हणत होती. खडीवर पावलं वाजत होती. तिने कान दिला. एकाच माणसाची वाजत होती.

दोर सारखा हलत होता. एक लांब, दोन तोकडे. एक लांब, दोन तोकडे. धरलेल्या हातातून पाणी तिच्या मनगटावर येऊन थेंबाथेंबाने खाली पडत होतं.

पायाखाली लाकूड आलं.

धक्क्याच्या टोकाशी, खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून भोपू बसला होता. बूट उलटे. उजव्या कोपरावर ठिगळ. रडून रडून नाक लाल झालेलं.

"किती वेळ," तो ओरडला, आणि आवाज सगळ्या डोंगरांवरून परत आला. "किती वेळ वाजवतोय मी. माझा मग कोणी घेतला?"

"नंतर सांगते. ऊठ. लहान माणूस पुढे."

"तू मगाशी..."

"चुकलं माझं. ऊठ."

तो उठला, दोर धरला आणि तिच्या काखेखालून वाकून पुढे गेला. त्याने मागे पाहिलं नाही. चालायला मिळाल्यावर तो कधीच मागे बघत नसे.

आता ताईच्या उजव्या हातात दोर होता आणि डाव्यात तो दुसरा हात. धक्क्याखाली पाणी हलत नव्हतं. बोटं उघडायची आणि चालू लागायचं, इतकंच करायचं राहिलं होतं. तो हात काही जोर करत नव्हता. फक्त होता, जसा लहान मुलाचा हात हातात असतो.

तिने बोटं सैल केली. मग थांबली.

सोडण्याआधी विचारायचं.

मागे न बघता तिने तो हात हळूच दाबला. दोनदा.

भोपूची पावलं पुढे धक्क्यावर वाजत गेली आणि खडीवर उतरली. तळ्यावर काहीच हललं नाही. ताई श्वास धरून उभी राहिली.

मग तिची बोटं हळूच दाबली गेली. आधी दोन तोकडे. मग एक लांब.

ताईने बोटं पुन्हा मिटली, आणि तो हात धरून ती भोपूच्या मागोमाग चालू लागली.