बुरूज दिसत नाही

त्यांची पहिली भेट टॉवरच्या जिन्यावर झाली, तीही भांडणाच्या तयारीत. नवा वैमानिक तणतणत दोन-दोन पायऱ्या चढत होता, आणि ती चहाचा थर्मास सांभाळत त्याच्या मागून येत होती.

"अहो, जरा ऐका," तो वळून म्हणाला, "वर ती खडूस बाई बसते ना, रेडिओवर? अर्धा तास घिरट्या घालायला लावल्या तिने मला!"

"बसते ना."

"आत्ता आहे का?"

"वर नाही. आत्ता ती थर्मास घेऊन जिन्यात उभी आहे... आणि तुम्ही वाट अडवून."

त्याचा चेहरा असा काही पडला, की तिला हसू आवरेना. त्याने मुकाट्याने तिच्या हातातून थर्मास घेतला, वर नेऊन ठेवला, आणि भांडायचं राहूनच गेलं.

विमानतळ म्हणजे काय, तर डोंगराच्या खांद्यावर एक धावपट्टी, एक टॉवर आणि दोन खोल्यांची इमारत. प्रवासी येत ते पलीकडच्या जुन्या गावासाठी, तिथल्या किल्ल्यासाठी. हवामानाची यंत्रं होती, पण शेवटचा शब्द खिडकीचा. समोरच्या कड्यावरचा बुरूज दिसला तर विमान उतरवायचं, नाही दिसला तर परत पाठवायचं. आणि दिसतो की नाही, हे सांगणं तिचं काम.

रेडिओवर दोघांचं अगदी अहो-जाहो.

"वारा कसा आहे, मॅडम?"

"उत्तरेचा. मंद."

"आणि मॅडम कशा आहेत?"

"त्यांची नोंद आम्ही ठेवत नाही."

शेजारी बसणारे अण्णा, हवामानाचे जुने जाणते, तेवढ्यापुरते बहिरे होत. विमान परत निघेपर्यंत इमारतीबाहेरच्या बाकावर मात्र अरे-तुरे चाले. एकदा धुक्याने विमान अडकलं आणि दोघं गावातल्या दगडी गल्ल्या पालथ्या घालत फिरले. तिच्या केसांवर पाण्याचे थेंब साचले होते. ते टिपायला त्याचा हात पुढे आला... आणि मध्येच थांबला. येऊ दे की, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

मग त्याला मोठ्या विमानांवरची नोकरी लागली. दूरच्या देशात, काही वर्षांसाठी.

"शेवटच्या फेरीला तुझ्या बाबांना भेटतो," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर विचारायचंय मला तुला... काहीतरी."

"मग आत्ताच विचार की!"

"नको. विचारलं आणि पळाला, असं कुणी म्हणायला नको."

बाबांचं अवघड होतं. ते याच विमानतळाच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. टॉवरने नको म्हटलेलं असताना एक वैमानिक हट्टाने उतरला होता, आणि त्या जळत्या विमानातून माणसं बाबांनी आपल्या हातांनी बाहेर काढली होती. सगळी निघाली नाहीत. तेव्हापासून विमानाचा आवाज आला की ते मान खाली घालत. मुलीचं कळल्यावर घरात कितीतरी दिवस अबोला होता. शेवटी एवढंच म्हणाले, "जायच्या आधी त्याला समोर आण. बघतो, आणि मग सांगतो." न भेटताच तो गेला असता, तर बाबा कधीच हो म्हणाले नसते, आणि त्यांचं मन मोडून ती गेली नसती.

शेवटच्या फेरीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली प्रतीक्षागृहात येऊन बसले. आणि दरीतून धुकं वर चढलं.

विमानाचा आवाज आला, पण विमान दिसेना. ती खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती. कड्याच्या जागी नुसतं पांढरं. मध्येच काहीतरी काळपट दिसल्यासारखं झालं, की डोळ्यांनाच ते हवं होतं?

"अण्णा, तुम्हाला दिसतोय का हो?"

अण्णांनी खिडकीकडे पाहिलंच नाही. तिच्याकडे पाहिलं. "तू म्हणशील तर दिसतोय, पोरी."

तिला रडूच आलं. तिने बटण दाबलं.

"बुरूज दिसत नाही."

"एक घिरटी मारतो. त्याहून जास्त इंधन नाही," तो म्हणाला. घिरटी संपली. धुकं तसंच.

"मॅडम..." तो थांबला. मग रेडिओवर कधी नव्हे ते अरे-तुरेवर येत म्हणाला, "ऐक ना... मी उतरावं असं तुला वाटतंय ना?"

"हो," ती म्हणाली. "खूप वाटतंय रे. माझा जीव आहे तुझ्यावर. पण बुरूज दिसत नाही."

खरखर... आणि मग शांतपणे, "परत फिरतोय."

आवाज दूर जाऊ लागला. ती खुर्चीत बसली, आणि हात कुठे ठेवावेत तेच तिला कळेना. तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या. बाबा वर आले होते.

"परत गेला?"

"हो."

"हुज्जत घातली?"

"नाही, बाबा."

"उतरायचं होतं त्याला?"

"खूप." तिने डोळे पुसले. "मलाही हवं होतं."

"आणि तू नाही म्हणालीस, आणि तो फिरला." बाबा खिडकीशी गेले. ज्या दिशेने आवाज जात होता, तिकडे त्यांनी मान वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मला मुलगा पसंत आहे."

"पण तुम्ही त्याला बघितलंच नाहीत!"

"आणखी काय बघायचं असतं?" ते माइककडे वळले. "ऐकू जाईल का त्याला अजून?"

अण्णांनी खुर्ची सरकवली. तिने बटण दाबलं. बाबा माइकवर वाकले.

"जावईबापू," ते म्हणाले, "सावकाश जा. आम्ही थांबतो."

"बाबा, अहो, त्याने अजून विचारलंसुद्धा नाही!" ती कुजबुजली.

पलीकडे खरखर झाली. मग त्याचा आवाज आला, धड न निघणारा.

"हो... बाबा."