दिवे खाली करणारी गाडी

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला शिवी देणार होते.

केळापूरजवळ, वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जंगलखात्याचा नाका होता. माझे वडील गोविंदा तिथले चौकीदार. चोरटं सागवान जाऊ नये म्हणून रस्त्यावर आडवा बांबू, तो उचलायला दोरी आणि बाजूच्या खांबाला टांगलेली गॅसबत्ती. बाचा गुडघा थंडीत धरायचा, म्हणून दिवस मावळला की गॅसबत्तीत हवा भरायची आणि दोरी ओढायची, हे काम माझं. ट्रकवाले दिव्यांचा झोत थेट तोंडावर मारत आणि वर ओरडत, "ए पोरी, उचल लवकर!" मी दोरी ओढता ओढता मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या उद्धरत असे.

एकोणसाठ सालचा कार्तिक. सातचा सुमार. दुरून दोन मोठे दिवे येताना दिसले. मी पदर डोळ्यांवर घेतला, शिवी जिभेवर तयार ठेवली... आणि दिवे खाली झुकले. अगदी अलगद. उजेड माझ्या पायांपुढच्या धुळीवर पडला आणि तोंडाला लागला तो नुसता गार वारा.

लांबलचक हिरवी अमेरिकन गाडी होती ती, वणीच्या एका जिनिंगवाल्या शेठची. शेठ मागे घोरत होते. पुढे एक सावळा, तरतरीत ड्रायव्हर.

"दिवे काहून खाली केले?" मी विचारलं.

तो जरासा थांबला. मग हसला. "तुमच्या डोयात जाऊ नये म्हनून."

तुमच्या! आम्हाला धम्म घेऊन तीन वर्षं झाली होती, तरी गावात माझं नाव अजून 'ए गोविंद्याची' हेच होतं. माझ्यासमोर आजवर कुणी आवाज खाली केला नव्हता, मग नजर तर दूरच. आणि या माणसाने दिवे खाली केले. मी तिथेच भाळले. आता लपवून काय करायचं?

त्याचं नाव भीमराज. आमच्यातलाच, पाटणबोरीचा. रोज सातला ती गाडी यायची, रोज दिवे झुकायचे, आणि बांबू उचलायला मला रोज थोडा जास्त वेळ लागायचा.

"नाव काय तुमचं?" त्याने एकदा विचारलं.

"पाटीवर वाचा ना."

"पाटीवर 'थांबा' लिवलं हाये."

"मंग थांबा!"

तो हसला की गालाला खळी पडायची. एकाच. "अन् तुमी बांबू उचललाच नाही तं?"

"तं रात्रभर इथंच राहा लागन."

"मंग नोका उचलू..."

मागे शेठ खोकले आणि मी घाईघाईने दोरी ओढली.

त्याच दिवसांत गाडीवान उकंडा तक्रार करत आला. म्हणे त्या हिरव्या गाडीने त्याच्या बैलांच्या डोळ्यांत झोत मारला, बैल बुजून रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरले. मी त्यालाच झापलं. "ते तसले नाहीत. माह्यासमोर रोज दिवे खाली करतेत." 

मग दारव्ह्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिपाई, घरची दोन एकर. बा म्हणाला, "सोमवारी सांग बाई. मानसं किती थांबतीन?" मी त्या संध्याकाळी गाडीच्या खिडकीशी गेले, इकडेतिकडे बघत म्हणाले, "मले मागनं आलं हाये. सोमवारी हो म्हना लागते."

भीमराजची खळी नाहीशी झाली. "मी... रविवारी येऊ का? तुमच्या बाशी बोलाले?"

"या," मी म्हणाले. माझे कान तापले होते.

शुक्रवारी गाडीत शेठ नव्हते, मुनीम लखीराम होते. मी अगदी मानाने म्हणाले, "तुमचे डायवर लय अदबीचे हायेत, मुनीमजी. दुरूनच दिवे खाली करतेत."

मुनीम पोट धरून हसले. "डायवर? अवो, हा कायले करते! हे पाय..." त्यांनी स्टिअरिंगपलीकडे, काचेखाली बसवलेली एक डबी दाखवली. तिला पुढून भिंग होतं. "अमेरिकेचा डोया हाये. समोर उजेड दिसला की दिवे आपोआप खाली, उजेड सरला की पुन्हा वर. तुयी गॅसबत्ती पाहून झुकते, चुना मारलेल्या मैलाच्या दगडालेबी झुकते! बैलगाडीचा कंदील तेवढा दिसत नाही बेट्याले. दिव्याचं बटन दाबाले डायवरचा पायसुद्दा हलत नाही."

मी भीमराजकडे पाहिलं. तो स्टिअरिंगकडे पाहत होता. एक शब्द... एकच शब्द बोलला असता! मी दोरी ओढली. इतके दिवस मी मैलाच्या दगडाच्या बरोबरीची होते तर.

तरी शनिवारी मी वाट पाहिलीच. खोटं बोलला, पण उद्या येणार आहे ना? आज खाली उतरून 'चुकलं' म्हणाला, तर थोडं रागावू आणि सोडून देऊ, असं ठरवलं होतं. गॅसबत्ती लखलखत होती. दिवे दिसले. जवळ आले. आणखी जवळ आले... आणि झुकलेच नाहीत. सगळा झोत माझ्या तोंडावर. वर कर्कश भोंगा. मी मान फिरवली, आंधळ्यासारखी दोरी ओढली, गाडी धूळ उडवत निघून गेली.

जी गोष्ट यंत्र आपणहून करतं, तीही त्याने मुद्दाम बंद केली. का, तर नाक्यावरच्या पोरीने फार मनावर घेऊ नये म्हणून. मला असंच वाटलं, आणि फार लागलं. तरी रविवारी धुतलेलं लुगडं नेसून बसले. कुणी आलं नाही. सोमवारी बाला म्हणाले, "हो सांग."

त्यानंतर बाराव्या दिवशी संध्याकाळी खाणीकडून कोळशाचा ट्रक आला. दूर वळणावरच त्याचे दिवे खाली झाले. ट्रकवाला, आणि दिवे खाली? खाली उतरला तो भीमराज. तोंड, मान, हात सगळे काळे.

"शनिवारी गाडीत मी नव्हतोच," तो आल्या आल्या म्हणाला. "धाकटे शेठ चालवत होते. शुक्रवारी इथून गेलो तं सरळ मोहिउद्दीन मिस्त्रीकडं. म्हटलं, मिस्त्री, त्या डोयाची तार कापा. आता दिवे मी माह्या पायानं खाली करीन. तवा कुठं माही गोष्ट खरी होईन... अन् दुसऱ्याच दिवशी गाडी धाकट्या शेठनं नेली. तार कापलेली दिसली. रातच्यालाच हाकललं मले."

"मंग रविवारी काहून नाही आले?"

"नोकरी गेलेला मानूस तुमच्या बाले कोनतं तोंड दाखवन? म्हटलं, आधी काम पाहू. हे काल भेटलं. अन् या ट्रकले डोया नाही... पाय हाये फक्त."

"काल साक्षगंध झालं मायं, दारव्ह्याच्या पोराशी."

ट्रकचं इंजिन धडधडत राहिलं. मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. "पहिल्याच दिवशी खरं सांगतलं असतं तं?"

"तं तुमी हसल्या असत्या का माह्याकडं पाहून?"

नसते हसले. शिवीच दिली असती. आणि शनिवारी त्या झोताच्या बाहेर एक पाऊल टाकलं असतं, तर आत कोण बसलंय ते मला दिसलं असतं. ते पाऊल मी टाकलं नाही. त्याने एक खोटं सांगितलं, मी एकदा मान फिरवली. एवढ्यावर दोन माणसांचं आयुष्य जातं.

चौकीच्या खोलीतून बाने हाक मारली, "प्रभे, कोन हाये?"

"कोनी नाही, बा. कोळशाचा ट्रक हाये."

भीमराज ट्रकमध्ये चढला. चौकीच्या खोलीत दोरीवर साक्षगंधाचं हिरवं लुगडं वाळत होतं. बाने चार माणसांत शब्द दिला होता. माझ्या हातात नाक्याची दोरी होती. भीमराजने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. खळी पडली नाही.

"प्रभाबाई... बांबू उचललाच नाही तं?"

उत्तर मला पाठ होतं. मी दोरी ओढली.