मुस्तौफी घाटावरची खोली

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. पण ही ऐकीव गोष्ट नाही.

जिच्यावर गुदरली ती माझी सख्खी नणंद, शर्बरी. आमचं घर बंगालात, चंदननगरला, गंगेच्या काठी. फ्रेंचांच्या काळातले बंगले, घाट, चर्च लोकांना पायी फिरवून दाखवायचं, हे तिचं काम. जिभेची तिखट. भुताखेतांची टर उडवणारी.

गेल्या कार्तिकातला रविवार. ऊन उतरलं होतं. लोकांना घेऊन ती शेवटच्या घाटावर पोचली.

मुस्तौफी घराण्याचा घाट. त्यावर एक बंद खोली.

पूर्वी मरणाला टेकलेल्या माणसाला तिथे आणून ठेवायचे. पाय गंगेत, तोंडात गंगाजल, आणि वाट बघायची. पण माणूस बरं झालं तर? घरी परत न्यायचे नाहीत. गंगेला दिलं ते दिलं. मुस्तौफींची एक तरुण सून अशीच बरी झाली, आणि मरेपर्यंत त्याच खोलीत एकटी राहिली.

शर्बरी हे दर वेळी सांगायची. त्या दिवशी मात्र मालक दुलालबाबू स्वतः येऊन उभे होते. त्यांना तिथे हॉटेल काढायचं होतं.

“दीदी, आमच्या घराण्याची लक्तरं वेशीवर टांगू नका,” ते हळूच म्हणाले. “नाहीतर उद्यापासून फाटक बंद.”

घाटच बंद झाला तर तिच्या फेरीत राहिलं काय?

“इथे घरातल्या बायका हवा खायला बसायच्या,” ती लोकांना म्हणाली.

खोलीतून खोकल्याचा आवाज आला...

दाराला बाहेरून कुलूप होतं.

लोक हसले. त्यांना वाटलं, हीसुद्धा करमणूक. शर्बरी पुढे बोलणार, तोच तिच्या लक्षात आलं... नदीचा आवाज येत नव्हता. पाणी पायरीवर आपटताना दिसत होतं, ऐकू मात्र येत नव्हतं.

मग आतून दारावर थाप पडली. हलकीच.

“दुलालबाबू, आत कोण आहे?”

“कोण असणार? घुशी असतील.” त्यांनी कुलूप काढलं.

आत कोणी नव्हतं.

धुळीत ओली पावलं उमटली होती. मागच्या भिंतीपासून निघालेली... आणि उंबऱ्याशी येऊन थांबलेली.

शर्बरीला भीती वाटली. त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली, आणि लाजेचा झाला संताप. तिने लोकांकडे वळून सगळं खरं सांगून टाकलं, मोठ्याने. मग उंबऱ्याकडे बघून म्हणाली, “चल गं. घरी चल. कोण अडवतं तेच बघते.”

“दीदी, असं बोलू नका. पाया पडतो तुमच्या.”

“माझ्या नको. तिच्या पडा.”

नदी पुन्हा ऐकू यायला लागली.

तिन्हीसांजेला मी दारात शंख फुंकत होते, तेव्हा शर्बरी परतली. आत आली, पण दार लावलं नाही. मागून कोणी येत असावं तशी बाजूला सरून उभी राहिली...

“कोण आलंय?” सासूबाईंनी विचारलं.

“आलीय एक,” ती म्हणाली. “वहिनी, भात जरा जास्त लाव.”

फाटक दुसऱ्याच दिवशी बंद झालं. शर्बरी आता रस्त्यावर उभी राहून तीच गोष्ट सांगते, पूर्वीपेक्षा चढ्या आवाजात.

मध्ये दुलालबाबू आले होते. पुरोहित म्हणतात, तिला परत गंगेवर पोचवायला हवं, खर्च मी करतो, म्हणाले.

“एकदा टाकलीत ना?” सासूबाई म्हणाल्या. “आता ती आमच्या घरची. चहा घ्या आणि निघा.”

मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? मागची खोली आम्ही तिला दिली आहे. काल संध्याकाळी घरातले सगळे ओट्यावर बसलो होतो...

त्या खोलीची कडी आतून लागली.

मी उठायला गेले. शर्बरीने माझा हात धरला.

“लावू दे. इतक्या वर्षांनी कडी तिच्या हातात आलीय.”

मी बसले खरी. पण ते दार ठोठावायचा धीर मला अजून झालेला नाही.