मागील भागात

२०५८ सालच्या मार्चमधल्या एका शुक्रवारी ‘आडबंदर’ मालिकेचा शेवटचा भाग संपला आणि पाऊण तासाच्या आत एक कोटी अठरा लाख प्रेक्षकांनी वाहिनीला एकच गोष्ट कळवली. खुनी कोण, ते आपल्याला केव्हाच कळलं होतं.

मालिकेचा लेखक यशोधन कारखानीस कोल्हापूरच्या स्टुडिओतल्या आपल्या खोलीत बसून हे सगळं वाचत होता आणि एकटाच हसत होता. सोलापूरच्या एका दंतवैद्याने लिहिलं होतं, ‘डॉक्टर सबनीसच्या नजरेतच पाप होतं. दुसऱ्याच भागाला मी बायकोला तसं म्हणालो होतो.’ याच गृहस्थाने तीन महिन्यांपूर्वी अकरा पानांची थिअरी पाठवून सिद्ध केलं होतं, की दीपगृहाच्या रखवालदाराला होडीवाल्या पास्कूनेच मारलं. कारण पास्कूच्या होडीला सात फळ्या आणि दीपगृहाला सात खिडक्या. दीपगृहाला खिडक्या किती, हे खुद्द यशोधनलाही ठाऊक नव्हतं.

प्रेक्षक ज्यांना थिअऱ्या म्हणत, त्यांना यशोधन तर्कटं म्हणे. तेवीस वर्षं तो रहस्यमालिका लिहीत होता आणि त्याचं एक मत पक्कं झालं होतं. रहस्य बघायला बसणाऱ्या माणसाला रहस्य नको असतं, आपली पाठ थोपटून हवी असते. खुनी त्याच्या अंदाजाप्रमाणे निघाला, तर ‘हे शेंबडं पोरही ओळखेल’ म्हणून तो नाक मुरडणार. अंदाज चुकला, तर लेखकाने फसवलं म्हणून शिव्या घालणार. वर शिव्या घालताना शुद्धलेखनाच्या चुका करणार.

चार महिन्यांपूर्वी वाहिनीच्या बैठकीत याच गोष्टीवरून त्याचा भडका उडाला होता. ‘आडबंदर’च्या शंभरातल्या एकाहत्तर प्रेक्षकांचा संशय पास्कूवर होता, तेव्हा खुनी पास्कूच असावा, असं वाहिनीचं म्हणणं पडलं.

“माझ्या गोष्टीला हात लावायचा नाही,” यशोधन टेबलावर मूठ आपटून म्हणाला. “बदलायचंच असेल काही, तर त्या बघणाऱ्यांची डोकी बदला!”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डॉ. फरीदा तांबोळी बसल्या होत्या. मेंदू आणि स्मृती हा त्यांचा विषय. विद्यापीठातली नोकरी सोडून त्या वाहिनीच्या सल्लागार झाल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “ते जमेल.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. आठवण म्हणजे फडताळात ठेवलेला फोटो, अशी आपली समजूत असते. कितीही वेळा काढून बघा, फोटो तोच. प्रत्यक्षात आठवण ही थिजलेल्या मेणासारखी असते. ती आठवायची म्हणजे मेण पातळ करायचं. पुढचे पाचसहा तास ते पातळच राहतं आणि मग पुन्हा थिजतं. त्या अवधीला डॉ. फरीदा ‘मऊकाळ’ म्हणत. मऊकाळात जे काही बघावं, ऐकावं, त्याचा ठसा त्या मेणावर उमटतो. आणि गंमत अशी, की नवा ठसा आणि जुना ठसा माणसाला वेगळे ओळखता येत नाहीत, कारण जुना उरतच नाही.

“म्हणजे करायचं काय?” यशोधनने विचारलं होतं.

“भाग सुरू होण्याआधी तुम्ही ‘मागील भागात’ म्हणून दोन मिनिटं दाखवता ना? त्याच्या आधी पडद्यावर एक प्रश्न टाकायचा. ‘तुमचा संशय कोणावर?’ प्रेक्षक स्वतःचा अंदाज आठवेल. आठवला, की तो मऊ पडला. मग ‘मागील भागात’मध्ये जुनाच प्रसंग, पण एक बारीकसा बदल करून दाखवायचा. रखवालदाराला मारणारा डावखुरा होता ना? मग सबनीस डाव्या हाताने पाना उचलतोय, एवढंच. सात-आठ आठवडे.”

मालिकेची चित्रं आता साठवून ठेवलेली नसत. जो बघेल त्याच्यासाठी यंत्र ती त्या क्षणी तयार करी, त्यामुळे कोणी मुद्दाम जुना भाग काढून बघितला, तरी पाना डाव्याच हातात दिसणार होता. परवानगीचाही प्रश्न नव्हता. चाळीस पानी अटींखाली प्रेक्षकांनी ‘मान्य’वर बोट टेकवलेलं होतं. पहिलं पानसुद्धा कोणी वाचलेलं नव्हतं.

यशोधनने होकार द्यायला एक मिनिटही घेतलं नाही. आपली गोष्ट जशीच्या तशी राहणार आणि मूर्खांना शहाणपणाचं समाधान मिळणार. त्यांची तीच लायकी, असं त्याला मनापासून वाटलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्टुडिओच्या दारावर एक बाई आल्या. पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी, वय पासष्टच्या आसपास. प्रमिला उगारे. जयसिंगपूरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नाव ऐकताच यशोधनने कपाळाला हात लावला. ही बाई डिसेंबरपर्यंत दर आठवड्याला कागदावर, शाईच्या पेनाने, समास आखून तर्कटं लिहून पाठवी. लेखकांच्या बैठकीत तो ती पत्रं नाटकी आवाजात वाचून दाखवी आणि सगळे पोट धरून हसत.

“बसा,” तो म्हणाला. “तुम्हीही सबनीसला आधीच ओळखलं होतंत, हेच सांगायला आलात ना?”

“ओळखलं होतं,” बाई म्हणाल्या. “पण तेवढ्यासाठी एवढ्या उन्हाची आले नाही. माझी पत्रं टाकून दिली नसतील, तर मला ती बघायचीत.”

“कशाला?”

“माझं डोकं ठिकाणावर आहे का, ते तपासायला.”

यशोधनने खणातून गठ्ठा काढून समोर ठेवला. बाईंनी चष्मा लावला. पहिलं पत्र वाचलं, दुसरं वाचलं, मग भराभरा शेवटचं उघडलं. सातही पत्रांत खुनी म्हणून पास्कूचं नाव होतं, दोनदा अधोरेखित केलेलं. बाईंनी गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला.

“अक्षर माझं आहे,” त्या म्हणाल्या. “पण मी हे लिहिलं नाही ओ साहेब. पास्कू माझ्या मनातही आला नव्हता. पहिल्यापासून मी सबनीसच म्हणत होते.”

यशोधनला हसू येत होतं. पण बाईंनी पुढे सांगितलं ते ऐकून त्याचं हसू मावळलं.

डिसेंबरात त्यांच्या धाकट्या भावाचा खून झाला होता. भूपाल उगारेचं पंप आणि पाइपचं दुकान घराला लागूनच होतं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला दुकानात काहीतरी पडल्याचा आवाज आला, म्हणून बाईंनी मागचं दार उघडलं. भूपाल जमिनीवर होता आणि एक माणूस पाना घेऊन पळत होता. हे त्यांनी एकट्यांनीच पाहिलं होतं. फेब्रुवारीत त्यांनी पोलिसांना पुरवणी जबाब दिला, की पाना त्या माणसाच्या डाव्या हातात होता. दुकानात डावखुरा माणूस एकच, हिंदुराव माने हा हमाल. पोलिसांनी त्याला उचललं. तो अजून कळंबा जेलमध्ये होता.

“काल त्याच्या वकिलाने मला माझा पहिला जबाब दाखवला,” बाई म्हणाल्या. “खुनाच्या दिवशीचा. त्यात मी म्हटलंय, ‘फक्त पाठ दिसली. पाना कुठल्या हातात होता, सांगता येणार नाही.’ खाली सही माझी. साहेब, आमची आई शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती. मला वाटलं, माझंही तसंच सुरू झालं. म्हणून म्हटलं, पत्रं बघू.”

यशोधनने बाईंना पाणी दिलं आणि बाहेर जाऊन डॉ. फरीदांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मला याचीच भीती होती. मेणाचे गोळे सुटे सुटे नसतात, कारखानीस. एक खून आठवला, की शेजारचा खूनही मऊ पडतो. मालिकेतला कुठला आणि घरातला कुठला, असा भेदभाव मेंदू त्या वेळी करत नाही.”

“म्हणजे माझ्या सबनीसचा डावा हात—”

“तिच्या भावाच्या दुकानात गेला. तिच्या एकटीच्याच नाही. मार्चपासून मी पोलिसांकडून आकडे मागवतेय. या राज्यात डावखुरी माणसं शंभरात आठ-दहा. या तीन महिन्यांत साक्षीदारांनी पाहिलेले हल्लेखोर शंभरात एकोणचाळीस डावखुरे आहेत.”

“मूर्ख!” यशोधनच्या तोंडून निघून गेलं. कोणाला, ते त्यालाही कळलं नाही.

दोघांनी कोर्टात प्रतिज्ञापत्रं दिली. त्यासाठी हिंदुरावच्या वकिलाने यशोधनला खटल्याचे सगळे कागद वाचायला दिले, पाचशे सतरा पानं. मेच्या अखेरीस हिंदुराव माने सुटला. न्यायमूर्तींनी ‘मागील भागात’वर बंदी घातली आणि प्रमिलाबाईंची साक्ष रद्द केली. दुसरा साक्षीदार नव्हता.

बातमी फुटली तेव्हा यशोधनला वाटलं, आता लोक स्टुडिओ जाळतील. लोक दोन दिवस भडकले. तिसऱ्या दिवशी थिअऱ्या सुरू झाल्या. ही सगळी ‘आडबंदर’च्या पुढच्या पर्वाची जाहिरात आहे. ती तांबोळी नावाची डॉक्टर सबनीसची मुलगी निघणार. सोलापूरच्या दंतवैद्याने लिहिलं, की आपली आठवण कोणीतरी बदलतंय, असा त्याला ऑक्टोबरपासूनच संशय होता. जुन्या भागांना प्रेक्षक दुप्पट झाले. ज्यांची डोकी उघडून आत हात घातला होता, तेच पुन्हा डोकी पुढे करून रांगेत उभे होते. यशोधनला त्यांची कीव यायला हवी होती. ती आली नाही. शिसारी तेवढी आली.

जूनमध्ये प्रमिलाबाईंचं पत्र आलं. एकदा येऊन जा, बोलायचं आहे.

निघण्याआधी डॉ. फरीदांनी बजावलं, “तिला काही विचारू नका. आपणहून बोलली, तर ऐकून घ्या. पण ती बोलायला लागली, की मऊकाळ सुरू. त्यात तुम्ही सुचवाल ते तिच्या डोक्यात कायमचं बसेल. एक शब्दही बोलू नका.”

दुपारी यशोधन जयसिंगपूरला पोचला. दुकानाला कुलूप होतं. बाईंनी चहा केला, त्याच्यासमोर बसल्या आणि नमनाला घडाभर तेल न घालता सुरुवात केली.

“मी रोज दार उघडते बघा. भूपाल पडलेला असतो. तो माणूस पळतो, आणि वळला की सबनीसचं तोंड. त्या नटाचं. मला ठाऊक आहे ते खोटं आहे, पण दिसतं तेच. खरं काय होतं खाली?”

यशोधनने चहाचा कप उचलला.

“डॉक्टरबाई म्हणाल्या, खाली काही उरलेलं नाही. ज्याने माझ्या भावाला मारलं, त्याला मी पाहिलं होतं साहेब. सगळ्या जगात मी एकटीने. आणि आता तो कुठेच नाही.” त्यांनी डोळे मिटले. “चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आले, उत्तर असतंच, तुमची रीत चुकते. तुम्ही सगळे कागद वाचलेत. तुम्ही गोष्टी रचता, माणसं ओळखता. तुम्हीच सांगा, कोण होता तो?”

“बाई, मला कसं माहीत असणार?”

“तुम्हाला काही वाटत असेलच की.”

वाटत होतं. खोटं कशाला बोला? पाचशे सतरा पानं त्याने तीनदा वाचली होती. भूपालचा भागीदार आण्णाप्पा चौगुले. पाच वाजता आपण सांगलीत होतो म्हणाला, पण सांगलीत त्याला बघितलेला माणूस कोर्टापुढे आलाच नाही. दुकानाची जागा त्याला कधीपासून हवी होती. त्याच्या जबाबात ‘माझ्या आठवणीप्रमाणे’ हे शब्द नऊ वेळा आले होते. तिसऱ्या वाचनात यशोधनने ते मोजले होते. पुरावा कसलाही नव्हता. पण इतकी वर्षं खुनी रचलेल्या माणसाला एवढंही कळू नये? तो काही सोलापूरचा दंतवैद्य नव्हता.

डॉ. फरीदांचं बजावणं त्याला आठवत होतं. समोर बाई बसल्या होत्या, डोळे मिटून, दार उघडून उभ्या असल्यासारख्या. तो गप्प राहिला असता, तर जन्मभर त्यांना तो नटच दिसत राहिला असता. आणि चौगुले खरोखरच खुनी असेल, तर तो मोकळा फिरणार होता.

“चौगुले,” यशोधन म्हणाला. “मला वाटतं, आण्णाप्पा चौगुले.”

बाई हलल्या नाहीत. हळूहळू त्यांच्या कपाळावरच्या आठ्या उकलल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांनी छातीभर श्वास घेतला असावा.

“हो,” त्या म्हणाल्या. “चौगुलेच. आण्णाप्पाच की ओ!”

“बाई, मी फक्त म्हटलं—”

“थांबा, दिसतंय मला.”

त्यांनी उठून फोन घेतला आणि पोलीस ठाण्याचा नंबर लावला. त्यांचा आवाज आता वर्गात फळ्यापाशी उभं राहून उदाहरण सोडवणाऱ्या मास्तरणीसारखा ठाम होता. यशोधनला एका बाजूने उठून फोन हिसकावून घ्यावासा वाटत होता. दुसऱ्या बाजूने, पहिल्या वाचनातच आपल्या डोक्यात आलेलं नाव त्या तोंडून ऐकताना त्याला बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं त्याला थांबवता येईना. तो चहाचा कप धरून बसून राहिला.

बाई पलीकडच्या साहेबांना सांगत होत्या, की तो दारातून बाहेर पडताना वळला होता, त्याने राखी रंगाचा सफारी घातला होता आणि कोपरापाशी त्याची बाही फाटली होती.

सफारीचं यशोधन काहीच बोलला नव्हता. पाचशे सतरा पानांतही तो कुठे नव्हता.