बातमीतली विहीर

एप्रिल १९७३. भोकरदनच्या एस.टी.त बसल्या बसल्याच मी बातमीचं पहिलं वाक्य लिहून ठेवलं : 'खापरदरीतली शेवटची विहीरही आटली.' दुष्काळ पडल्यापासून ही माझी बाविसावी विहीर होती. संध्याकाळी सहाच्या आत ट्रंककॉलवर मजकूर सांगायचा, तर वाक्यं आधी तयार लागतात. गावात जाऊन फक्त तपशील भरायचा.

फाट्यावरून रहमतुल्लानं बैलगाडीत घेतलं.

"पाटलाची विहीर बिलकुल कोरडी हाये साहेब," तो म्हणाला. "बौद्धवाड्यातली म्हणाल, तर ज्याला जशी दिसंल तशी."

"म्हणजे?"

"मला गुडघाभर दिसतं. मी गावात बी चहा पितो अन् बौद्धवाड्यात बी ना." तो हसला. मीही हसलो. वहीत लिहिलं नाही.

बौद्धवाड्यातली ही विहीर तिथल्या लोकांनी स्वतः खणलेली. गावच्या विहिरीवर त्यांना कधी चढू दिलं नव्हतं. रहाटापाशी सत्यशीला उभी होती. खडीच्या कामावर जाणारी बाई, हाताला घट्टे, पदर कमरेला खोचलेला. मी काठावरून वाकलो. तीस-पस्तीस फूट खाली भेगाळलेला गाळ, त्यात बकरीचं एक शिंग. खडा टाकला. मातीवर पडल्याचा बद्द आवाज आला. मी वहीत लिहिलं : कोरडी.

"पाह्यलं ना, किती पाणी हाये?" तिनं विचारलं.

"पाणी नाही, बाई."

ती माझ्याकडं बघत राहिली. "तुम्ही बी?"

तिनं बादली सोडली, ओढली. दोर करकरत होता. तिच्या मानेची शीर ताणली होती. बादली हंड्यावर कलती केली. मला बादली कलताना दिसली, बाकी काही नाही. रहमतुल्लानं मात्र पाय पटकन मागं घेतले.

"पाटलाच्या सुनेची, कौसल्याची पोरगी, बेबीनंदा," सत्यशीला म्हणाली. "चार रोज झाले, जुलाब लागलेत. आठवडा झाला, टँकर आला न्हाई. मी दोनदा हंडा घेऊन गेल्ते. रिकामा हाये म्हंत्यात. तुम्ही लिहा साहेब, पाणी हाये म्हणून. छापलेलं मानतात ते. आमचं न्हाई मानत."

हंडा डोक्यावर घेऊन ती निघाली. मी मागोमाग गेलो.

साहेबराव पाटलांनी मला ओट्यावरच्या बाजेवर बसवलं. सत्यशीलेनं हंडा ओट्याच्या कडेला ठेवला आणि ती दोन पावलं मागं सरून उभी राहिली. पाटलांची आई, चांगुणाबाई, लांबूनच हंड्यात डोकावली.

"पुन्हा रिकामा हंडा! घरात लेकरू आजारी, आन् ही दारात रिकामा हंडा घेऊन येती. काय वाईट चिंतून राह्यलीस गं आमचं?"

"भरलाय, आजी. हात घालून बघा."

"तुझ्या हंड्यात हात घालू मी?"

दारात कौसल्या मांडीवर पोर घेऊन बसली होती. तीन वर्षांची असेल. ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले.

"साहेब, तुम्ही शिकलेले," पाटील म्हणाले. "तुम्ही सांगा. हाये का पाणी? तुम्ही हो म्हणा, मी आत्ता पाजतो."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी वाकून हंड्यात पाहिलं. तळ दिसला. कल्हई उडालेली होती. जे दिसलं नाही ते मी कधी लिहिलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात बेबीनंदा मांडीवरून घसरली. रांगत हंड्यापाशी आली आणि मनगटापर्यंत हात आत घातला.

"पानी," ती म्हणाली.

"तापात बरळतंय लेकरू," म्हणत चांगुणाबाईनं तिला ओढलं. ओढताना पोरीचा हात माझ्या वहीवर घासला.

कौसल्येनं मान खाली घातली.

हंडा उचलून डोक्यावर द्यायला रहमतुल्ला पुढं झाला. दोघांनाही तो जड गेला.

सहा वाजता मी बातमी सांगितली. एक शब्द बदलावा लागला नाही.

बातमी छापून आली तशी तिसऱ्या दिवशी खापरदरीला टँकर गेला. मीही गेलो. पोर आदल्या दिवशीच गेली होती. पाटलांनी माझे हात धरले. "तुमच्यामुळं टँकर आला साहेब," ते म्हणाले आणि रडू लागले.

परतताना बौद्धवाड्यावरून आलो. सत्यशीला रहाट ओढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

मी काठाशी गेलो.

भेगाळलेला गाळ. शिंग.

पुढं मी पुष्कळ वह्या रद्दीत दिल्या. ती ठेवली. 'कोरडी' या शब्दावर शाई फुटली आहे. पाच बोटं ओळखू येतात, लहान.

ते पान अजून वाळलेलं नाही.